दिवाणाखालचे पंचवीस गठ्ठे

मी स्वतःच छापून विकतेय त्या माझ्या कादंबरीचं नाव इथं लिहिणार नाहीये, आधीच सांगते. लिहिलं की ही पण जाहिरात होते आणि गेले सात-आठ महिने जाहिरात करून करून माझा जीव इतका विटलाय की आता कुणी नुसतं "पुस्तक" म्हटलं तरी माझा हात आपोआप क्यूआर कोड शोधायला लागतो. पण मागच्या वर्षी याच दिवसांत मी रात्री अकरा-बारापर्यंत गुगलवर "स्वतःचे पुस्तक कसे छापावे" असलं काहीतरी शोधत बसायचे आणि धड काही सापडायचं नाही, सापडायची ती सगळी लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्या पॅकेजवाल्यांची पानं. तेव्हा मला जे कुणी सांगायला हवं होतं ते लिहून ठेवते.

मी साताऱ्यात एका कॉलेजात अकाउंट्सला क्लार्क आहे. माहेर पाटण तालुक्यातलं, आजोबांचं मूळ गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली, शिवसागर जलाशयात. कादंबरी त्याच्यावरच आहे, गाव उठतं, नवीन जागी कशीबशी घरं उभी राहतात आणि मग ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढं भूकंप होतो. सहा वर्षं लिहीत होते, निम्मी तर मोबाईलवरच, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत. २०२४ च्या दिवाळीत संपली.

दोन प्रकाशकांना पाठवली. एकाकडून पाच महिने काहीच नाही, फोन केला तर "वाचन चालू आहे ताई". दुसऱ्यांनी पंधरा दिवसांत कळवलं की आवडली, छापतो, फक्त ३०० प्रती तुम्ही विकत घ्यायच्या. मी हिशोबाची माणूस, लगेच गुणाकार केला. ३०० प्रती मीच घेणार असेन तर प्रकाशक कोण, ते की मी? मग त्या पॅकेजवाल्यांपैकी एकाला फोन केला. अतिशय गोड आवाजातला मुलगा, "मॅम आपल्याला सिल्व्हर हवंय की गोल्ड". गोल्ड ५८,००० रुपये, त्यात १०० प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि "सोशल मीडिया प्रमोशन". प्रमोशन म्हणजे काय विचारलं तर आमच्या पेजवर तीन पोस्ट. बारकोडचे वेगळे १,५००. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागतील.

आमचे हे म्हणाले, "तू रोज दुसऱ्यांची व्हाउचरं तपासतेस, स्वतःचं एक काम स्वतः नाही होणार?" टोमणाच होता तो, पण लागू पडला.

एप्रिल २०२५ मध्ये डीटीपीला, म्हणजे छपाईसाठी पानं लावायला, दिलं. शाहूपुरीत एकजण करतात, पानाला ३५ रुपये. इथं पहिली माती खाल्ली. माझी फाईल युनिकोडमध्ये (मोबाईलवर, नेटवर चालतं ते मराठी टायपिंग) होती, त्यांचं सगळं काम जुन्या फॉन्टात, तो कन्व्हर्ट करताना "दुसऱ्या", "बिचाऱ्या", "पायऱ्या" या सगळ्यांतला अर्धा र मोडला आणि "दुसर्या", "बिचार्या" झालं. मला दिसलंच नाही. आपलंच लिहिलेलं आपण डोळ्यांनी वाचत नाही, डोक्यातून वाचतो. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी (पानाला १५ रुपये, आणि त्यातले दहा तरी त्यांनी या एका अक्षरावर वसूल केले) पेन्सिलीने गोल करत करत पहिल्या प्रुफात १९० ठिकाणं काढली. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, प्रुफं परत देताना म्हणाल्या, "कादंबरी चांगली आहे, पण एवढ्या पायऱ्या कशाला?" आता तुम्ही करत असाल तर एवढं एक ऐका, शेवटच्या सगळ्या दुरुस्त्या छपाईच्या फाईलमध्ये होतील तशा स्वतःच्या युनिकोड फाईलमध्ये पण त्याच दिवशी करत चला. मी केल्या नाहीत, का ते पुढं येईलच.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही भिलारला गेलो. पाचगणी ते महाबळेश्वरच्या मधलं ते पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं, घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुणीही जाऊन वाचावं. पोरगा स्ट्रॉबेरी क्रीमच्या मागं आणि मी एका घराच्या पडवीत बसून दोन तास फक्त माणसं बघितली. पुस्तक उचललं की मुखपृष्ठ बघतात, लगेच उलटं करून मागचं वाचतात आणि मग एकतर उघडतात नाहीतर ठेवून देतात. पुढची प्रस्तावना, अर्पणपत्रिका कुणी बघत नाही. माझ्या मलपृष्ठावर मी काय ठेवलं होतं? चार ओळींची माझीच कविता. घरी आले आणि ती काढून टाकली, तिथं साध्या पाच ओळी लिहिल्या, कुठलं गाव, कोणतं साल, कोण माणसं, काय झालं. या एका बदलानं नंतर जेवढी पुस्तकं विकली तेवढी एकाही जाहिरातीनं विकली नाहीत.

आयएसबीएन. याची सगळ्यांना भीती असते. तो फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, केंद्राच्या शिक्षण खात्याच्या अखत्यारीत आहे, अर्ज ऑनलाईन, लेखक स्वतः छापत असेल तरी करता येतो. ओळखपत्र, मुखपृष्ठ, शीर्षकपान वगैरे अपलोड करायचं. मी २ जूनला अर्ज केला, १९ जूनला परत आला. चूक माझीच, अर्जात नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं. लग्नानंतरच्या नावाचा घोळ, बायकांनो, आधी तपासा. परत भरला आणि ११ जुलैला नंबर आला. १३ आकडे, मी ते पाठ केले होते, आता विसरले. त्या नंबरावरून बारकोड करून देणाऱ्या साइट आहेत, दोन मिनिटांत होतो, पैसे पडत नाहीत. १,५०० आठवले ना? हां.

छपाई. पॅकेजमध्ये १०० प्रती होत्या, मी ५०० छापल्या. शंभरच छापल्या तर डिजिटल छपाई होते आणि एक प्रत दीडशेच्या आसपास जाते, ५०० ला ऑफसेट (जास्त प्रतींसाठीची प्लेटवरची छपाई) परवडतं, मला जीएसटी धरून ७८ रुपये पडली. डेमी साइज (कादंबरीचा नेहमीचा आकार), ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड कागद, कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन, २४८ पानं. पानं आधी २५१ होत होती, प्रेसवाले म्हणाले मॅडम साडेपंधरा फॉर्मात बसवा, तीन पानांसाठी अर्धा फॉर्म वाढेल. फॉर्म म्हणजे १६ पानं एकत्र छापतात तो. मग एक अख्खा प्रसंग काढला, आता वाटतं बरंच झालं.

१८ ऑगस्टला टेम्पो दारात. २० प्रतींचा एक गठ्ठा, असे २५ गठ्ठे, आणि आमचं घर साताऱ्यातल्या करंजे भागात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सासूबाईंनी दिवाण उघडला, आतल्या गाद्या काढून माळ्यावर टाकल्या आणि म्हणाल्या, "ठेव हितं. दसऱ्यापर्यंत संपतील न्हवं?" मी हो म्हणाले. साताऱ्याचा पाऊस काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, तीन दिवसांनी एक गठ्ठा फोडला तर सगळी कव्हरं पापडासारखी वर वळलेली. मला रडूच आलं. प्रेसवाल्यांना फोन केला तर ते हसले, लॅमिनेशन एका बाजूनं असतं, दुसरी बाजू दमट हवा ओढते, पाऊस गेला की बसतात. आणि खरंच बसली. पण गठ्ठे सोडू नका पावसात, लागतील तेवढेच फोडा आणि वर वजन ठेवा. आमच्याकडं पाटा ठेवला होता.

आणखी एक भानगड झाली. डोंबिवलीहून एका काकूंचा मेसेज, "पान १४४ नंतर परत १२९ का येतं, हे मुद्दाम आहे का?" मुद्दाम! त्यांना वाटलं आठवणी परत परत येतात असं काहीतरी दाखवायचंय. बायंडिंगला एक फॉर्म दोनदा लागला होता आणि पुढचा गायब. घरातले सगळे गठ्ठे फोडून एकेक प्रत चाळली, अशा आठ निघाल्या. प्रेसनं कुरकुर न करता बदलून दिल्या, तेवढं मान्य करायला पाहिजे. टेम्पोतून उतरल्या उतरल्या हे करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

छापल्यावर एक सरकारी काम असतं जे बरेचजण करत नाहीत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकानं पुस्तक आल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची. मुंबईत ती एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये जाते. आता तुम्ही छापलंत म्हणजे प्रकाशक तुम्हीच. चार प्रती गेल्या. विक्रीला काडीचा उपयोग नाही, पण आजोबांच्या बुडालेल्या गावाचं नाव कोलकात्यात कुठल्या तरी कपाटात आहे हे मला रात्री झोपताना कधीकधी आठवतं. कॉपीराइट नोंदणी पण केली, फी ५०० रुपये, अर्ज केल्यावर कुणाची हरकत येते का म्हणून ३० दिवस नुसती वाट बघायची असते. ती न करता पण हक्क तुमचाच असतो, मी आपली मनाच्या समाधानासाठी केली.

आणि मग ७ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, फेसबुकवर पोस्ट टाकली. किंमत ३२० छापली होती, घरपोच २६०. गुगल फॉर्म, त्यात नाव, पत्ता, पिनकोड, फोन आणि पैसे भरल्याचा यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा नंबर). स्क्रीनशॉटवर विसंबू नका, एकानं मला दुसऱ्याच कुणाचा जुना स्क्रीनशॉट पाठवला होता, तारीख कापून. बँकेत जमा झालेलं बघायचं आणि मगच पाकीट चिकटवायचं.

पहिल्या आठवड्यात ४३ प्रती. मी हवेतच. मग नावं वाचली. माझ्या दोन मावश्या, ह्यांचे मित्र, कॉलेजातले, सोसायटीतले, नणंदेनं तर पाच घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात चार. तिसऱ्या आठवड्यात एक पण नाही. शून्य. सोमवारी सकाळी फॉर्मची शीट उघडायची आणि बंद करायची. पोस्टला लाईक १८०, "अभिनंदन ताई, नक्की वाचणार" अशा ६० कमेंट. नक्की वाचणार म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी मागवलं ते मोजलं होतं, आकडा सांगत नाही, त्यातले काही जण हे वाचत असतील.

मग मी सगळे करतात ते सगळं केलं. पोस्ट बूस्ट केली, म्हणजे फेसबुकला पैसे देऊन जास्त लोकांना दाखवली, २,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, २,३६० गेले. घाईत भाग "भारत" आणि वय १८ ते ६५ असंच राहू दिलं, तर लाईक आले कुठून कुठून, ज्यांना मराठीचा म पण येत नसावा असे. त्या पैशातून तीन प्रती गेल्या. नंतर एका ओळखीच्या मुलीनं दाखवलं की जिल्हे निवडता येतात, भाषा निवडता येते. पुस्तकांवर रील करणाऱ्या १२ जणांना फुकट प्रती पाठवल्या, चौघांनी टाकलं, त्यातल्या दोघांनी उघडून बघितलंय असं वाटलं. एकानं विचारलं, "१,५०० द्या, परीक्षण पाच स्टार देतो." माझ्या पोरानं माझं रील काढलं, अजिंक्यताऱ्यावर, हातात पुस्तक आणि ओढणी वाऱ्यावर. ते मी डिलीट केलंय, कुणाकडं असेल तर कृपया ठेवून घेऊ नका.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, एका मोठ्या शॉपिंग साइटवर विक्रेता झाले. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळं फक्त पुस्तकंच विकणार असाल तर जीएसटी नंबर लागत नाही, पॅनवर खातं उघडलं. हे ठाऊक नसल्यानं बरेचजण तिथंच अडकतात. खातं उघडायला चार दिवस, लिस्टिंग मंजूर व्हायला नऊ. कमिशन, क्लोजिंग फी, शिपिंग, त्यावरचा कर, सगळं जाऊन २८० च्या पुस्तकामागं माझ्या हातात साधारण १६५ यायचे. ठीक आहे म्हटलं, माणसं तरी येतील. आली पण, मार्चपर्यंत १९. त्यातली एक प्रत परत आली, कारण लिहिलं होतं "वर्णनाप्रमाणे नाही", आणि पान ६० ते ६५ वर हळदीची बोटं. म्हणजे वाचली होती, जेवताना वाचली होती. राग यावा की बरं वाटावं कळेना. ती प्रत मी ठेवलीय.

किंडलचं, म्हणजे ॲमेझॉनवरच्या ई-पुस्तकाचं, पण केलं, मराठी तिथं चालतं. पण आता ती युनिकोडची गोष्ट. छपाईची फाईल जुन्या फॉन्टात, ती किंडलला टाकली तर नुसती किडामुंगी, आणि माझ्याकडच्या युनिकोड फाईलमध्ये एकही दुरुस्ती नाही. छापील पुस्तक शेजारी ठेवून ओळ न ओळ परत दुरुस्त केली, अकरा संध्याकाळी गेल्या, परत त्याच पायऱ्या. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर त्यांच्या "सिलेक्ट" योजनेत नाव घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडं कुठं द्यायचं नाही, नाहीतर ३५ टक्के. मी घातलं. पहिल्या महिन्याची रॉयल्टी २१२ रुपये, ती पण महिना संपल्यावर साठेक दिवसांनी खात्यात आली. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी भाजी घेत होते, मंडईत. मेथी, गवार आणि अर्धा किलो वांगी झाली त्यात, उरलेल्याचे पेढे.

दुकानांत पण ठेवल्या. ३५ टक्के कमिशन, पैसे विकल्यावर. विकल्यावर म्हणजे कधी, हे प्रत्येकाचं वेगळं. पावती घ्या, प्रती किती ठेवल्या त्यावर सही घ्या. एका ठिकाणी १५ प्रती विकल्या गेल्यात हे मला माहितीय कारण शेल्फवर नाहीत, पैसे "पुढच्या शनिवारी".

पोस्टाचं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त पैसे तिथं वाचतात. पहिल्या तीसेक प्रती मी अडाणीपणानं स्पीड पोस्टनं पाठवल्या आणि २६० मधले बरेच तिथंच घालवले. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्ट बंद झालं एवढं ऐकून होते, त्यामुळं स्वस्त काही उरलंच नाही असं धरून चालले होते. मग काउंटरवरच्या मॅडमनीच विचारलं, "पुस्तकं आहेत ना? मग ज्ञान पोस्टनं का नाही पाठवत?" मे २०२५ पासून सुरू झालंय ते. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, वर कर वेगळा. ट्रॅकिंग पण असतं. पाकिटावर "ज्ञान पोस्ट" लिहायचं, पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव पाहिजे आणि जाहिरातीचा मजकूर चालत नाही, म्हणून मी आत घालायचे ते क्यूआरवाले बुकमार्क काढून टाकले. जमिनीवरून जातं त्यामुळं वेळ लागतो, वाचकाला आधीच सांगा आठ-दहा दिवस.

आता गंमत बघा. माझं पुस्तक भरतं २८५ ग्रॅम. बबल रॅप आणि जाड पाकीट घातलं की ३१२. बारा ग्रॅमसाठी पुढचा स्लॅब. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, त्यांनी पाकीट हातात घेऊन तोललं आणि म्हणाल्या, "ह्ये फोडाफोडाचं काढ की." मग त्यांनी स्वतःची रीत काढली. पुस्तक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालायचं, कापून सपाट केलेली, पावसाला चालते, मग चारी कोपऱ्यांना पेपरच्या घडीची टोपी, आपण वहीला कव्हर घालतो तशी, आणि वर पातळ खाकी पाकीट. २९७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक पाकीट चढायचं, ३०० च्या वर गेलं की सासूबाई टेप कमी करायच्या. एकाही पुस्तकाचा कोपरा मुडपला नाही आजपर्यंत. एकदोन वाचकांनी मात्र विचारलं की पुस्तकाला साईचा वास का येतो.

नोव्हेंबरमध्ये जे झालं ते मी काही केलं म्हणून झालं नाही. चुलतभावानं, तो वाशीला मार्केटमध्ये माथाडी आहे, त्यांच्या गावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मलपृष्ठाचा फोटो टाकला. पाटण आणि जावळीची हजारो माणसं मुंबई, नवी मुंबईत आहेत, प्रत्येक गावाचा ग्रुप, प्रत्येक भावकीचा ग्रुप. त्या रात्री नऊ ते अकरा माझा फोन थांबला नाही. आणि ही माणसं फॉर्म भरत नाहीत. ती फोन करतात. "तुम्ही कुणाच्या? आजोबांचं नाव काय? मग आमच्या आत्याचं दिलेलं गाव ते." वीस मिनिटं नातं लागतं आणि मग एक प्रत. पत्ता सांगतात, "घणसोली, मारुतीच्या देवळामागं, कुणालाही विचारा." पिनकोड विचारला तर घरातल्या मुलीला हाक मारतात. मी वही घातली, फोन, नाव, नातं, पिनकोड, पैसे आले का. ११ डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यात एकट्या त्या वहीतून ६४ पाकिटं गेली. ऑफिसातून आले की रात्री साडेअकरापर्यंत तेच, पत्ते ह्यांनी लिहायचे, पोरानं चिकटवायचं. जाहिरातीत मी कादंबरीला "विस्थापनाचा वेध" वगैरे म्हणत होते, त्या ग्रुपांवर भावानं लिहिलं होतं, "आपल्या बुडालेल्या गावाची गोष्ट हाय, घ्या."

आणि जानेवारीत त्याच गावच्या कुणी नातेवाइकानं मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. "ताई हे वाचा, आपल्या भागावर आहे, खूप छान." उघडलं तर माझंच पुस्तक. मोबाईलनं एकेक पान स्कॅन केलेलं, पान ४७ च्या कोपऱ्यात अंगठा, त्यात चांदीची अंगठी. पोटात गोळाच आला. फिरवत फिरवत मूळ माणसापर्यंत पोचले. त्यानं वडिलांसाठी काढली होती, वडील गावाकडं, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, छापील अक्षर दिसत नाही, मोबाईलवर मोठं करून वाचतात. वडिलांनी आवडली म्हणून ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये २१५ जण. तो बिचारा इतका ओशाळला, "मॅडम, पैसे पाठवू का?" काय बोलणार. म्हटलं ग्रुपवरून काढा आणि खाली माझा नंबर टाका. त्यानं टाकला, शिवाय एक प्रत मागवली. एकच. बाकीच्या २१४ जणांचं मी विचारलं नाही.

साहित्य संमेलनाचं सांगायचं राहिलं. ९९ वं, १ ते ४ जानेवारी, आमच्याच शाहू स्टेडियमवर. १९९३ ला साताऱ्यात झालं होतं तेव्हा मी अकरा वर्षांची, वडिलांचं बोट धरून गेले होते आणि फक्त गर्दी आठवते. यावेळी एका ओळखीच्या विक्रेत्यांच्या स्टॉलवर कोपरा घेतला, ३,००० रुपये वाटणी. चार दिवसांत ५८ प्रती, २५० ला. समोर उभं राहून विकणं म्हणजे काय ते तिथं कळलं. पहिल्या दिवशी मी "मीच लेखिका" म्हणत होते, माणसं लाजून पुढं जायची, त्यांना वाटायचं आता नाही घेतलं तर वाईट दिसेल. दुसऱ्या दिवशी गप्प बसले, पुस्तकं मलपृष्ठ वर करून मांडली. ते बरं चाललं.

आता मार्च संपत आलाय. ५०० पैकी ३४३ विकल्या, ४६ फुकट गेल्या (त्यातच त्या चार सरकारी), १११ दिवाणात आहेत. डीटीपी, प्रुफं, मुखपृष्ठाचे ४,००० आणि छपाई मिळून ५५,४०० खर्च झाला होता, पोस्ट, पाकिटं, जाहिरात, स्टॉल धरून सत्तर हजाराच्या वर गेला. आलेले साधारण ८१,०००. म्हणजे अकराएक हजार हातात, सहा वर्षांचं लिहिणं आणि आठ महिन्यांच्या रात्री न धरता. ग्रंथालय संचालनालयाला शासनमान्य यादीसाठी प्रत पाठवलीय, त्याचं काही कळलेलं नाही.

परवा संध्याकाळी एक फोन आला, आवाजावरून ऐंशीच्या पुढचे. "पान ८८ वर तुम्ही एसटी गावात आणलीय. त्या साली एसटी गावात येत न्हवती. आम्ही चालत यायचो, वढा वलांडून. दुसऱ्या आवृत्तीत काढा." मी हो म्हणाले, वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी ओढ्याचं सांगितलं, कुठं दगड होते, कुठं पाणी किती, अर्धा तास. सासूबाई खुणेनं विचारत होत्या किती प्रती, किती? मी मान हलवली, एक पण नाही.

"मग दिवाण कधी मोकळा व्हायचा," त्या म्हणाल्या, "गाद्यांना ऊन दावायचंय."